पाण्याखालच्या गुहा आणि त्यांतलं डायव्हिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्लीला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा अंदमानात पहिली डाइव्ह झाली की लवकरच फोनवर एक व्हिडिओ येऊन पडतो. निळ्या पाण्यात उतरणारे उन्हाचे झोत, छताला लटकलेले पांढरे लवणस्तंभ आणि त्यांमधून सावकाश जाणारा एक डायव्हर. मग प्रश्न सुरू होतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातली आहेत, कारण सुट्टीवर आलेल्या साध्या डायव्हरलाही जिथे गुहेचं दार उघडतं अशा जागा जगात फार नाहीत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पाण्याखालची गुहा म्हणजे नेमकं काय? समुद्रातल्या खडकाच्या कपारीत शिरलो तर तीही गुहाच ना?

डायव्हरच्या हिशेबाने एकच कसोटी आहे: काही बिनसलं तर सरळ वर जाऊन डोकं पाण्याबाहेर काढता येतं का? येत नसेल तर तुम्ही छताखाली आहात. मग ती कपार असो, बुडालेल्या जहाजाची खोली असो की मैलोन् मैल पसरलेली गुहा.

खऱ्या मोठ्या गुहा बहुतेक चुनखडीत असतात. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि हजारो वर्षं खडक विरघळवत राहतं. युकातानच्या किनाऱ्याजवळ आणखी एक गंमत आहे. जमिनीखालचं गोडं पाणी आणि आत शिरलेलं समुद्राचं पाणी जिथे मिसळतं, तिथे ते मिश्रण चुनखडी जास्त जोरात खातं. तुलूमच्या आसपास बोगद्यांचं जे जाळं आहे, त्यात या मिश्रणाचा मोठा हात आहे.

२. सगळे मेक्सिकोलाच का जातात? सेनोते म्हणजे काय?

युकातानच्या उत्तर भागात नकाशावर नदी शोधून पाहा, सापडत नाही. पाऊस भरपूर पडतो, पण चुनखडी तो पिऊन टाकते आणि नद्या जमिनीखालून वाहतात. गुहेचं छत कोसळून जिथे हे पाणी उघडं पडतं, ती जागा म्हणजे सेनोते. माया लोकांची गावं आणि नगरं या पाण्याच्या आधाराने वसली. चिचेन इत्सा इथल्या पवित्र सेनोत्यात पर्जन्यदेवाला वाहिलेलं सोनं, जेड आणि माणसांची हाडंही सापडली आहेत.

डायव्हरच्या सोयीच्या गोष्टी तीन. पाणी वर्षभर २४-२५ अंश असतं. चुनखडीतून गाळून आल्यामुळे ते विलक्षण नितळ असतं. आणि बऱ्याच गुहा उथळ आहेत; दोस ओहोसच्या नेहमीच्या फेरीत तुम्ही दहा मीटरच्या आसपासच असता. पसारा मात्र अफाट. २०१८ च्या जानेवारीत साक आक्तून आणि दोस ओहोस या दोन गुहा आतून जोडलेल्या असल्याचं सिद्ध झालं, तेव्हा एकत्रित लांबी ३४७ किलोमीटर भरली. मुंबई-पुणे जाऊन-येऊनही अंतर उरतं. जवळच्याच 'ओश बेल हा' नावाच्या गुहेशी तिची लांबीची चढाओढ चालूच असते.

३. पाण्यात लवणस्तंभ कसे तयार होतात?

होत नाहीत. छतातून थेंब गळायला खाली हवा लागते. म्हणजे तुम्ही ज्या दालनातून तरंगत जाता ते एके काळी कोरडं होतं. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती आणि तिच्याबरोबर भूजलही. बर्फ वितळला, समुद्र चढला, गुहा भरल्या. स्तंभ जसेच्या तसे राहिले.

त्या कोरड्या काळात तिथे माणसं वावरत होती. त्याबद्दल प्रश्न १५.

४. आत अंधारच असणार. मग बघायचं तरी काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि मला सर्वांत आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी दिसतच नाही. समुद्रात पाण्याला नेहमी काही ना काही अंगचं असतं: प्लवक, वाळू, हिरवट झाक. इथे चांगल्या दिवशी जोडीदार हवेत लटकल्यासारखा दिसतो आणि त्याची सावली खाली तळावर चालत असते. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला आपटतात, चपटे होतात आणि खळग्यांत साचून चंदेरी डबकी बनतात. ती डबकी छतावरून हळूहळू वर सरकत जातात. डाइव्हचा निम्मा वेळ मी उताणं होऊन हेच पाहण्यात घालवतो.

दुसरी गोष्ट प्रकाश. उघड्या भागातून उन्हाचा झोत आत उतरतो आणि जाडजूड खांबासारखा पाण्यात उभा राहतो. एल पिट नावाच्या सेनोत्यात हा खांब तीसेक मीटर खोल जातो आणि तळाला हायड्रोजन सल्फाइडच्या धुरकट थरावर टेकतो (प्रश्न ६). पण माझ्या मते खरा देखावा आत जाताना दिसतच नाही. मागे वळून पाहावं लागतं. काळ्या दगडांच्या चौकटीत निळं पाणी पेटलेलं असतं आणि त्यासमोर स्तंभांच्या, जोडीदारांच्या नुसत्या आकृत्या. योगायोग असा की दर थोड्या वेळाने मागे वळून पाहणं हा गुहा-डायव्हिंगच्या शिक्षणातला पक्का नियमही आहे. परतताना वाट उलट्या बाजूने कशी दिसेल ते डोळ्यांत बसावं म्हणून. या खेळात असं बरेचदा होतं. जे सुरक्षित असतं तेच नेमकं सुंदरही दाखवतं.

तिसरी गोष्ट बारकावे. शीतपेयाच्या स्ट्रॉएवढ्या जाडीच्या पोकळ नळ्या छतातून शेकड्यांनी लोंबतात, हाताचा नुसता धक्का लागला तरी तुटतील अशा. जंगलातल्या झाडांची मुळं दगड फोडून पाण्यात उतरलेली असतात आणि टोकाला त्यांचे झुबके झालेले असतात. टॉर्च स्तंभाच्या मागे धरला तर पातळ पडदे मधाच्या रंगाने उजळतात. अंधार आहे म्हणून तर हे एकेक करून दिसतं. दिव्याच्या वर्तुळात जेवढं येईल तेवढंच, आणि ते नीट.

५. व्हिडिओत मधेच सगळं अंधुक होतं. कॅमेरा बिघडलेला असतो का?

नाही, ती हॅलोक्लाइन. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं जड खारं पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक सीमा. तुलूमजवळ ती साधारण १० ते २० मीटरच्या पट्ट्यात भेटते. किनाऱ्यापासून आत जाल तशी खोल जाते. न ढवळलेली असेल तर ती काचेच्या पत्र्यासारखी स्वच्छ दिसते आणि खालच्या पाण्यालाच पृष्ठभाग समजून माणूस चकतो. कुणीतरी पाय मारत तिच्यातून गेलं की दोन्ही पाणी मिसळतात आणि पुढचं सगळं थरथरायला लागतं. डोळ्यांत काही गेलं असं वाटून मास्क पुसायला जाऊ नका. अर्धा-एक मीटर वर किंवा खाली व्हा, चित्र स्वच्छ होतं. खालचं पाणी किंचित उबदार लागतं आणि तिथे तुम्ही जास्त तरंगता, म्हणून तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जॅकेटमधली हवा पुन्हा जुळवावी लागते. गर्दीच्या जागी पहिल्या गटात उतरणं यासाठीच फायद्याचं. चाक मूलच्या सेनोत्यात ही सीमा छान पाहायला मिळते.

६. पाण्याखाली वाहणारी नदी खरी आहे का?

अँजेलिता सेनोत्याचे ते फोटो खरे आहेत, नदी खरी नाही. सुमारे ३० मीटर खोलीवर गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे कुजणाऱ्या पानाफांद्यांतून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा पांढुरका ढग साचलेला आहे. त्यातून वाळक्या फांद्या वर आलेल्या असतात, म्हणून नदीकाठ वाटतो. ढगाच्या खाली काळोख, आणि बऱ्याच जणांना मास्कमध्येही सडक्या अंड्यांचा वास येतो. अँजेलिता म्हणजे उभी खुली विहीर आहे. ढगापर्यंत डोक्यावर छत नसतं, पण खोली जास्त असल्याने किमान अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (पायाभूत ओपन वॉटर कोर्सच्या पुढच्या पातळीचं) प्रमाणपत्र मागतात.

७. कॅव्हर्न आणि केव्ह यांत फरक काय? दोन्ही गुहाच ना?

फरक उजेडाचा आहे. गुहेच्या तोंडाजवळचा भाग, जिथून दिवसाचा प्रकाश सतत दिसतो, तो कॅव्हर्न. उघड्या पाण्यापासून साधारण ६० मीटरच्या आत राहायचं, अरुंद फटींत शिरायचं नाही, डीकम्प्रेशन (वर येताना शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून टप्प्याटप्प्याने थांबणं) लागेल इतका वेळ आत राहायचं नाही (आकडे संस्थेनुसार थोडे बदलतात). त्यापलीकडे जिथे उजेड संपतो ती केव्ह. तिच्यासाठी स्वतंत्र शिक्षण लागतं.

मेक्सिकोत साध्या ओपन वॉटर प्रमाणपत्रावर गाइडबरोबर कॅव्हर्नमध्ये जाता येतं. तिथल्या चांगल्या रिवाजाप्रमाणे गाइड स्वतः पूर्ण प्रशिक्षित केव्ह डायव्हर असतो, त्याच्याबरोबर जास्तीत जास्त चार जण, प्रत्येकाकडे टॉर्च, आणि पूर्ण मार्गावर दोरी बांधलेली. स्नॉर्केल, चाकू आणि हातमोजे बाहेर ठेवायला सांगतात. पहिल्या दोन वस्तू दोरीत अडकतात आणि हातमोजे घातले की माणूस स्तंभांना हात लावतो. प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं जवळजवळ सगळं कॅव्हर्नमध्येच दिसतं. केव्हचा कोर्स केला नाही म्हणून फार काही हुकलं असं वाटून घेऊ नका.

८. मी तारकर्लीला स्कूबा केलंय. तेवढं पुरेल?

बहुधा नाही. तारकर्ली-मालवणला दीड-दोन हजारात होतं ते ट्राय डाइव्ह. प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, फोटो काढतो, वर आणतो. हाती येणारा कागद आठवण म्हणून ठीक, पण प्रमाणपत्र नव्हे. ओपन वॉटर कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. त्यात मास्क काढून घालणं, जोडीदाराची हवा घेणं, तरंगण्यावर ताबा ठेवणं शिकवतात. एमटीडीसीच्या तारकर्लीच्या संस्थेत तो करता येतो, गोवा-अंदमानातही होतो.

कोर्स झाल्यावर लगेच सेनोते गाठू नका. २०-२५ डाइव्ह होऊ द्या आणि एकाच गोष्टीवर मेहनत घ्या: हात न हलवता, खाली-वर न होता, आडवं एका जागी थांबता येणं. ते जमलं की गुहा पाहता येते. जमलं नाही तर पूर्ण वेळ स्वतःलाच सांभाळण्यात जातो आणि मागच्यांना फक्त तुम्ही उडवलेला गाळ दिसतो.

९. लहानपणापासून विहिरीत सूर मारलेत, मुटके मारलेत. तळातली माती काढून आणायचो. मला कोर्सची काय गरज?

असे वाचक खूप आहेत आणि त्यांचा आत्मविश्वास खरा असतो. पाण्याची भीती नसणं ही मोठीच ठेव आहे. पण विहिरीत शिकलेली मुख्य सवय म्हणजे दम संपत आला की वर ये. गुहेत वर दगड आहे. दुसरी सवय श्वास रोखण्याची. टाकीतली दाबाखालची हवा घेत असताना श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते. उथळ पाण्यातही होते. तिसरी सवय जोरात पाय मारण्याची, तिचं काय होतं ते प्रश्न ११ मध्ये. या तीन सवयी मोडायला कोर्स लागतो.

१०. मला पोहताच येत नाही. घरचे सगळे चाललेत, मी काठावर बसू?

अजिबात नाही. ग्रान सेनोते, दोस ओहोस अशा ठिकाणी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येतं आणि पाणी इतकं नितळ की वरूनच खालचे स्तंभ दिसतात. प्लाया देल कार्मेनजवळची रियो सेक्रेतो ही अर्धी कोरडी गुहा तर कमरेएवढ्या पाण्यातून चालत, अधेमधे जॅकेटवर तरंगत पाहतात. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तीच निवडावी.

११. हा जगातला सर्वांत धोकादायक खेळ आहे म्हणतात. खरं आहे का? माणसं मरतात कशाने?

विनाशिक्षण गेलात तर खरं आहे. अमेरिकेतला शेक एक्सली हा या क्षेत्रातला फार मोठा माणूस. गुहेतले अपघात एकेक करून तपासून त्याने १९७९ मध्ये कारणं मांडली. मेलेले बहुतेक जण शार्क किंवा कोसळणारी दरड यांनी मेले नव्हते. बाहेरपर्यंत जोडलेली दोरी नव्हती. परतीसाठी हवा राखली नव्हती. झेपणार नाही इतकं खोल गेले. दिवे पुरेसे नव्हते. आणि या सगळ्याच्या मुळाशी, गुहेचं शिक्षणच नव्हतं. आजही प्रत्येक कोर्सचा पहिला तास याच पाच गोष्टींवर जातो. खुद्द एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोच्याच साकातोन या महाकाय खोल सेनोत्यात विक्रमी खोली गाठताना गेला. तेव्हा नियम पाळले की धोका शून्य होतो असंही नाही.

बाहेरच्यांना ज्याची कल्पना येत नाही ती गोष्ट म्हणजे गाळ. तळावर पिठाइतका बारीक गाळ शतकानुशतकं बसलेला असतो. फिनचा (पायात घातलेल्या वल्ह्याचा) एक चुकीचा फटका बसला की काही सेकंदांत टॉर्चसमोर धरलेला स्वतःचा हात दिसेनासा होतो, आणि तो गाळ पुन्हा बसायला तास किंवा दिवस लागतात. म्हणून गुहेत बेडकासारखे पाय मारतात: गुडघे वाकवून, फिन तळापासून वर ठेवून, पाणी मागे ढकलायचं, खाली नाही. उजेड संपतो त्या सीमेवर यमदूताचं चित्र असलेली पाटी असते: इथे थांबा, या गुहेत जीव देण्याजोगं काहीही नाही. ती पर्यटकांना गंमत म्हणून लावलेली नाही. अशा गुहांत प्रशिक्षित डायव्हिंग प्रशिक्षकही मेले आहेत, कारण त्यांचं प्रशिक्षण खुल्या समुद्राचं होतं.

१२. तीन हिश्श्यांचा नियम काय आहे? त्याला अपवाद असतात का?

एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, एक तृतीयांश अडचणीसाठी. टाकीतल्या हवेचा दाब २१० बार असेल तर ७० वापरले, म्हणजे काटा १४० वर आला की वळायचं. पुढचं दालन समोर दिसत असलं तरी. राखलेला तिसरा हिस्सा खरं तर जोडीदाराचा असतो. अगदी आतल्या टोकाला त्याची हवा बंद पडली तर दोघांना तुमच्या टाक्यांवर बाहेर यायचं असतं.

अपवाद आहेत, पण सगळे अधिक सावध बाजूचे. पाणी आत ओढणारा प्रवाह असेल तर परतताना जास्त हवा लागते, म्हणून तृतीयांशाच्याही आधी वळतात. जोडीदारांच्या टाक्या वेगवेगळ्या आकाराच्या असतील तर बारमध्ये हिशेब चालत नाही. लिटरमध्ये करायचा, आणि ज्याच्याकडे कमी हवा त्याच्यावर बेतायचा. नवखे विद्यार्थी तर सहावा हिस्साच वापरतात. बाहेर वाहणारा प्रवाह परतताना मदत करतो म्हणून थोडं पुढे जाऊ या, असा युक्तिवाद ऐकू आला तर तो मानू नका. गाळ उठलेल्या बोगद्यात दोरी चाचपत येणारा माणूस प्रवाहाच्या वेगाने येत नाही.

१३. दिवे गेले, किंवा दोरीच हरवली तर?

प्रत्येकाकडे तीन दिवे असतात, एक मुख्य आणि दोन राखीव. तिन्ही गेले तर दोरी आहे. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून तिच्यावर सरकत डोळे मिटूनही बाहेर येता येतं; कोर्समध्ये हे करवून घेतात. दोरीवर ठिकठिकाणी प्लास्टिकचे बाण लावलेले असतात आणि ते जवळच्या बाहेरच्या वाटेकडे रोखलेले असतात. अंधारातही बोटाला टोक कळावं म्हणूनच त्यांचा आकार बाणाचा.

दोरी सुटली तर शोधायला सैरभैर पोहायचं नाही. जिथे आहात तिथेच खडकाला आपल्या छोट्या रिळाची दोरी बांधायची आणि तिच्या आधाराने एकेका दिशेला शोध घ्यायचा, म्हणजे निदान सुरुवातीची जागा तरी हरवत नाही. हे वाचून जमत नाही, सरावाने जमतं. कॅव्हर्नच्या पाहुण्याला याची वेळ सहसा येत नाही, पण गाइडची दोरी आपल्या कुठल्या बाजूला आहे हे सतत माहीत असलं पाहिजे.

१४. सिनेमात दाखवतात तसे आत हवेचे कप्पे असतात का? तिथे थांबून श्वास घेता येईल?

कप्पे असतात. २०१७ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर गाळात दोरी हरवलेला एक अनुभवी डायव्हर अशाच कप्प्यात सुमारे ६० तास राहिला आणि वाचला. पण बंद जागेत श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्याचंही डोकं दुखायला लागलं होतं, भास होऊ लागले होते. त्यामुळे नियोजनात कप्पा धरत नाहीत. वाटेत डोकं वर काढता आलं तरी तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं उपकरण) काढायचा नाही.

१५. गुहेत सांगाडे असतात हे खरं का? हात लावला तर?

खरं आहे, आणि ते फार मोलाचे आहेत. २००७ मध्ये तीन डायव्हरांना एका लांब बोगद्याच्या शेवटी अचानक पायाखालचा तळ नाहीसा झालेला दिसला. समोर प्रचंड काळा खड्डा. त्याचं नाव पडलं ओयो नेग्रो. तळाशी महाकाय स्लॉथ आणि हत्तीच्या कुळातल्या नामशेष प्राण्यांची हाडं होती आणि त्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीचा सांगाडा. तिला नाया म्हणतात. ती किमान १२,००० वर्षांपूर्वीची. गुहा कोरडी असताना अंधारात, कदाचित पाणी शोधताना, ती त्या खड्ड्यात पडली असावी. अमेरिका खंडातले पहिले रहिवासी कोण, या चर्चेत तिच्या दातातून मिळालेल्या डीएनएचं स्थान मोठं आहे. २०२० मध्ये संशोधकांनी आणखी एका गुहेतलं काम प्रसिद्ध केलं: तिथे माणसं १०,००० ते १२,००० वर्षांपूर्वी गेरू खणत होती. खणलेले खड्डे, चुलींच्या खुणा, वाट चुकू नये म्हणून रचलेले दगड, सगळं पाण्याखाली जसंच्या तसं.

हात लावायचा नाही, जागाही समाजमाध्यमांवर टाकायची नाही. गाइडला सांगा, पुढचं काम मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेचं. ओयो नेग्रोतलीही हाडं आगंतुकांनी हलवल्यामुळे संशोधकांना ती ठरल्यापेक्षा आधी बाहेर काढावी लागली.

१६. आत मगरी, साप, मोठे मासे?

खुल्या, झाडीने वेढलेल्या काही सेनोत्यांत मोरेलेट जातीची मगर राहते. स्थानिकांना तिची जागा ठाऊक असते. ती तुमच्या वाटेला जात नाही, तुम्ही तिच्या जाऊ नका. आतल्या अंधारात मात्र सगळं लहान आणि फिकट: डोळे नसलेले मासे, पारदर्शक कोळंब्या. रेमिपीड नावाचा गोमेसारखा पोहणारा एक जीव खाऱ्या थरात राहतो. त्याच्या युकातानमधल्या जातीला विष असल्याचं २०१३ मध्ये सिद्ध झालं, आणि विषारी कवचधारी प्राणी आढळण्याची ती पहिलीच वेळ होती. आकाराने तो बोटाहून लहान, तुम्हाला काही करत नाही.

१७. थायलंडमध्ये मुलांना सोडवलं ते हेच डायव्हिंग का?

तंत्र तेच, अनुभव अगदी उलटा. २३ जून २०१८ ला थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले. २ जुलैला दोन ब्रिटिश केव्ह डायव्हरांनी त्यांना शोधलं आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळ्यांना बाहेर आणलं. गढूळ, वाहतं पाणी, दिसणं जवळपास शून्य. मुलांना भुलीचं औषध देऊन पूर्ण चेहऱ्याचे मास्क लावून आणावं लागलं. हवेच्या टाक्या पोहोचवताना थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समान कुनान यांचा जीव गेला. पाणी उपसण्याच्या कामात सल्ल्यासाठी आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही तिथे गेले होते. ती मुलं डायव्हिंगला गेली नव्हती, कोरड्या गुहेत चालत गेली होती, हेही लक्षात असू द्या. पावसाळ्यात गुहांत भटकणाऱ्यांना खरा धडा तोच आहे.

१८. महाराष्ट्रात अशा गुहा आहेत का? निदान भारतात?

महाराष्ट्रात नाहीत, आणि त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. सह्याद्री बेसाल्टचा. तो चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. अजिंठा, वेरूळ, घारापुरी या माणसांनी कोरलेल्या. मजा अशी की आपला हा दगड आणि युकातानचं सेनोत्यांचं प्रसिद्ध कडं जवळजवळ एकाच काळाशी जोडलेलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तिथे चिक्शुलूबचा अशनी आदळला, त्याच सुमारास इथे दख्खनचा लाव्हा वाहत होता; डायनोसॉर कुणामुळे गेले यावर दोघांत वाद लावून दिलेला आहे. मेरिदा शहराभोवतीची सेनोती त्या पुरलेल्या विवराच्या कडेने ओळीत पडलेली आहेत.

भारतात मेघालयात चुनखडीच्या मोठ्या गुहा आहेत, पण त्या चालत-रांगत पाहण्याच्या, आणि त्याही कोरड्या दिवसांत. जैंतिया टेकड्यांतल्या एका गुहेच्या पाण्यात ४० सेंटिमीटरहून लांब आंधळा मासा सापडला, जगातला सर्वांत मोठा गुहावासी मासा. २०२३ मध्ये त्याचं नियोलिसोकायलस प्नार असं नामकरण झालं. तिथे पर्यटकांसाठी डायव्हिंगची सोय नाही.

१९. मला बंद जागेची भीती वाटते. चष्माही आहे. दम्याचा त्रास होता.

तीन वेगळ्या गोष्टी. चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो, विषय संपला. दम्यासाठी डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरचं लेखी मत घ्या. आरोग्याच्या अर्जावर खोटं लिहू नका. बंद जागेचं म्हणाल तर कॅव्हर्नची दालनं बहुतेकदा मंगल कार्यालयाएवढी मोठी असतात, आणि लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या काहींना तिथे काहीच वाटत नाही. आधी खुल्या सेनोत्यात उतरून पाहा. छातीत धडधड वाढली तर प्रश्न २२ चं उत्तर तुमच्यासाठी आहे.

२०. खर्च, व्हिसा, हंगाम?

गाइड, टाक्या आणि वाहनासह दिवसाला दोन कॅव्हर्न डाइव्हना साधारण दीडशे ते दोनशे डॉलर, शिवाय काही ठिकाणी सेनोत्याचं प्रवेशशुल्क वेगळं. भारतातून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेमार्गे कानकून. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून अमेरिकेतल्या मुला-मुलीकडे गेलेल्यांना ही सहल सर्वांत सोपी पडते. नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीकडे खात्री करा. उन्हाचे झोत हवे असतील तर मे ते सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी दोन. २५ अंश ऐकून पातळ सूट घेऊ नका. पाऊण तास जवळजवळ न हलता तरंगताना ५ मिलिमीटरचा सूटही कमी वाटतो. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही.

पूर्ण केव्ह डायव्हर व्हायचं तर कॅव्हर्न, इंट्रो, फुल केव्ह असे टप्पे आहेत. एकूण आठ-दहा दिवस, दोन हजार डॉलरच्या आसपास किंवा वर, आणि मुळात पन्नास-शंभर डाइव्हचा अनुभव. कोर्समध्ये कॅमेरा न्यायचा नाही. कॅव्हर्नमध्येही पहिल्या दिवशी तो खोलीवरच ठेवा. हात गुंतलेला माणूस तरंगण्याकडे पाहत नाही.

२१. सनस्क्रीन का लावू देत नाहीत? एवढ्याशा मलमाने काय होणार?

कारण ते सेनोते म्हणजे पोहण्याचा तलाव नाही, आसपासच्या लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. चुनखडीत पडलेलं काहीही थेट भूजलात जातं आणि तिथून समुद्रातल्या प्रवाळांपर्यंत. आधी अंघोळ करून उतरायला सांगतात ते याच कारणाने. अर्थात पर्यटकांच्या मलमापेक्षा हॉटेलांचं सांडपाणी हा कितीतरी मोठा प्रश्न आहे. त्यात प्लाया देल कार्मेन ते तुलूम दरम्यान माया रेल्वेसाठी गुहांची छतं भेदून पोलादी खांब उतरवले गेले. काही ठिकाणी काँक्रीट पाण्यात सांडलेलं डायव्हरांनी चित्रित केलं आणि त्यावरून मोठा वाद झाला. सनस्क्रीन तरीही लावू नका. लांब बाह्यांचा शर्ट घाला.

२२. गाइड म्हणाला, "तुम्ही चांगले डायव्हर आहात, पाटीच्या पुढे थोडं जाऊन येऊ." जावं का?

जाऊ नये. असं विचारणारा गाइड तुमचं कौतुक करत नाही, तो स्वतःचे नियम मोडतोय. पाटीच्या पुढे त्याला काही झालं तर बाहेरची वाट तुम्हाला एकट्याने काढायची आहे, आणि ती कशी काढायची ते तुम्ही शिकलेले नाही.

अंगठा वर करा. डायव्हिंगमध्ये त्याचा अर्थ "छान" नव्हे, "डाइव्ह संपली, परत चला" असा आहे. आणि गुहेतला सर्वांत जुना शिष्टाचार हा की कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने तो करू शकतं. थंडी वाजली, मन धजेना, नुसतं बरं वाटत नाही, काहीही. बाकीचे लगेच वळतात आणि वर आल्यावर का म्हणून विचारत नाहीत. गाइडने हुज्जत घातली तर त्या दिवसाचे पैसे सोडून द्या आणि दुसऱ्या दिवसासाठी दुसरा गाइड बघा. तुलूममध्ये चांगल्या गाइडांची वानवा नाही.